बेल वाजली, दार कोण उघडणार?

गेल्या महिन्यात एका जुन्या क्लायंटच्या हिशेब विभागातून फोन आला. तिथल्या मॅडमचा आवाज मी ओळखतो. त्या उगाच फोन करत नाहीत.

"अहो सर, तुमचं ते परताव्याचं बटण दोनदा पैसे देतंय."

मी नेहमीचं उत्तर दिलं. "मॅडम, चुकून दोनदा दाबलं गेलं असेल."

"मी एकदाच दाबते. इतकी वर्षं एकदाच दाबतेय."

या युक्तिवादापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. चार ग्राहकांना परतावा दोनदा गेला होता आणि महिनाअखेरीस ताळा जुळत नव्हता. नाव अर्थातच मॅडमच्या टेबलाचं खराब होणार होतं, आमच्या कोडचं नाही.

शनिवारी मी आणि ऑफिसमधला एक नवा मुलगा असे दोघं बसलो. एका क्लिकवर सर्व्हरकडे दोन निरोप जातायत हे पाच मिनिटांत दिसलं. पण ते कोण पाठवतंय हे शोधायला तीन तास लागले. तो बिचारा वैतागून म्हणाला, "सर, बटण एक आहे. मग त्याचा कोड एका जागी का नाही?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं. म्हणून या वीकांताला तोच इतिहास लिहितोय. बटणाचं काय झालं ते शेवटी सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडू. जुन्या वाड्यात पाच बिऱ्हाडं राहतात आणि दिंडी एकच आहे. बेल वाजली तर दार कुणी उघडायचं? प्रत्येक बिऱ्हाडाची बेल वेगळी ठेवायची, की दिंडीत एक माणूस बसवायचा आणि त्याने "कोण हवंय?" विचारून आत धाडायचं? पडद्यावरच्या बटणांचंही असंच आहे. क्लिक झाली की 'इव्हेंट' तयार होतो. त्याला उत्तर देणारा कोड, म्हणजे हँडलर, बटणाजवळ ठेवायचा की लांब एका जागी?

जावास्क्रिप्टच्या आधीच्या मंडळींनी दोन्ही करून पाहिलं होतं. १९८५ साली विंडोज १.० आलं. त्यात प्रत्येक खिडकीसाठी एक फंक्शन असायचं आणि माउस हलला, कळ दाबली, खिडकी मोठी केली, सगळे निरोप त्याच एका फंक्शनकडे यायचे. आत एक लांबलचक स्विच. ऑफिसात एकच कारकून आणि सगळी टपाल त्याच्या टेबलावर, असा कारभार. काही शोधायचं तर कुठे शोधायचं हे पक्कं माहीत, पण तो स्विच वाचता वाचता डोळे फिरायचे.

१९८७ साली ॲपलने बिल ॲटकिन्सनचं हायपरकार्ड बाजारात आणलं, आणि त्यात नेमकं उलटं होतं. कोड बटणाच्या पोटातच लिहायचा. 'ऑन माउसअप' असं लिहून खाली काय करायचं ते लिहिलं की झालं. शिक्षक, ग्रंथपाल असे प्रोग्रामर नसलेले लोकसुद्धा त्यात कामाच्या गोष्टी बनवायचे. पण हायपरकार्डची खरी गंमत पुढे आहे. बटणाकडे उत्तर नसेल तर निरोप वाया जायचा नाही. तो कार्डाकडे जायचा, मग बॅकग्राउंडकडे, मग पूर्ण स्टॅककडे, अशी वरवर चढत जाणारी वाट होती. ही चढती वाट लक्षात ठेवा.

आमच्या पिढीने हे कॉलेजात पाहिलं ते व्हिज्युअल बेसिकमध्ये. फॉर्मवर बटण ओढायचं, त्यावर डबलक्लिक करायचं, की 'कमांड१_क्लिक' नावाची रिकामी चौकट उघडायची. मग डेटाबेसपासून हिशेबापर्यंत सगळं आपण त्या चौकटीतच कोंबायचो. मार्क मिळायचे, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती :)

आता जावास्क्रिप्ट. मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आईकने दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. 'ऑनक्लिक'मधला तो 'ऑन' हायपरकार्डच्या भाषेच्या वळणाचा आहे, हे तितकंसं माहीत नसतं. नेटस्केप २ मार्च १९९६ मध्ये बाहेर पडला, तेव्हा लिंक, फॉर्म आणि फॉर्ममधली बटणं यांच्या टॅगमध्येच ऑनक्लिक लिहायची सोय होती. फॉर्म भरताना नाव रिकामं सोडलं तर हटकायचं, असल्या कामांसाठी ती पुरेशी होती. बटण वाचलं की ते काय करणार हे तिथल्या तिथे कळायचं. हा गुण आपण नंतर कसा गमावला ते पुढे येईलच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेटस्केप ३ आला आणि हँडलर स्क्रिप्टमधूनही नेमता येऊ लागला. पण खुर्ची एकच होती. दुसऱ्याने आपला हँडलर बसवला की पहिला कुरकुर न करता उठून जायचा. पान उघडल्यावर चालणाऱ्या 'ऑनलोड'चं हे दुखणं ज्यांनी भोगलं आहे त्यांना आठवेल. मेनूची एक स्क्रिप्ट आणि हिट काउंटरची दुसरी, दोघींनाही ऑनलोड हवा. जी शेवटी आली तिची चालली, पहिली गप्प. त्रुटीचा संदेश वगैरे काही नाही.

१९९७ साली भांडण पेटलं. नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४ दोघांनाही कळलं होतं की क्लिक एकट्या बटणावर होत नाही. बटण रकान्यात, रकाना ओळीत, ओळ टेबलात आणि टेबल पानात असतं. म्हणजे क्लिक त्या सगळ्यांवरच होते. मग आधी कुणाला कळवायचं? नेटस्केप म्हणाला, वरून खाली. घरातल्या वडीलधाऱ्याला आधी कळलं पाहिजे, तो वाटल्यास अडवेल. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, खालून वर. आधी बटण, मग रकाना, मग ओळ, पाण्यातला बुडबुडा वर यावा तसं. हायपरकार्डची चढती वाट ती हीच.

नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने 'डॉम लेव्हल २ इव्हेंट्स' ही शिफारस काढली आणि गावच्या पंचांसारखा निवाडा दिला. दोघंही बरोबर. क्लिक आधी वरून खाली जाईल, बटणापर्यंत पोचेल, मग खालून वर येईल. कुठल्या फेरीत ऐकायचं ते तुम्ही सांगा. 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर'चा तिसरा आर्ग्युमेंट तो हाच. आपण वर्षानुवर्षं तिथे 'फॉल्स' लिहीत आलो, आणि तो कशासाठी हे विचारलं की विषय बदलत आलो. यातली मोठी सुधारणा म्हणजे एका बटणाला हवे तितके हँडलर. कुणी कुणाला खुर्चीवरून उठवायचं नाही.

सुटला असता की हो प्रश्न तिथेच! पण इंटरनेट एक्स्प्लोररने ते घेतलंच नाही. त्याचा १९९९ पासूनचा स्वतःचा 'अटॅचइव्हेंट' होता. त्यात 'धिस' म्हटलं की बटण न मिळता अख्खी खिडकी मिळायची. एक्स्प्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि पुढची आवृत्ती यायला पाच वर्षं गेली. अ‍ॅडइव्हेंटलिसनर तर थेट मार्च २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत आला. शिफारस निघून दहा वर्षं उलटून गेल्यावर.

त्या दहा वर्षांत प्रत्येक प्रोग्रामरच्या खिशात स्वतःचं 'अ‍ॅडइव्हेंट' नावाचं छोटं फंक्शन असायचं. ब्राउझर कुठला ते बघायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. स्कॉट अँड्र्यू लपेराचं २००१ चं फंक्शन सर्वांत जास्त उचललं गेलं. त्यातल्या खोड्या पुढे नीट कळल्या, तेव्हा ब्राउझरच्या विक्षिप्तपणाची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या पीटर-पॉल कॉखने २००५ मध्ये चक्क स्पर्धा लावली. याहून चांगलं फंक्शन लिहून दाखवा. स्पर्धा जिंकली जॉन रेसिग नावाच्या तरुणाने. पुढच्याच वर्षी त्याने जेक्वेरी आणली. एवढं सांगितलं की पुढचं सांगायला नको.

एक्स्प्लोरर ६ चं आणखी एक दुखणं होतं, आणि त्याच्याशी आमचा अगदी घरचा संबंध. त्यात जावास्क्रिप्टच्या वस्तूंची मोजदाद एक हिशेबनीस ठेवायचा आणि पानावरच्या घटकांची दुसरा. बटण हँडलरला धरून आहे आणि हँडलर क्लोजरमधून बटणाला धरून आहे, असा वेढा पडला की दोघं हिशेबनीस एकमेकांकडे बोट दाखवायचे. "त्याचं काम संपलं नाही, मी कसं सोडू?" ती मेमरी पान बदललं तरी सुटायची नाही, ब्राउझर बंद करेपर्यंत अडकून राहायची. आमच्या त्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एका पानावर तीनशे ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन बटणं होती. दुपारपर्यंत मशीन रडायला लागायचं. मग आम्ही हिशेब विभागाला एक तोंडी सूचना दिली की जेवायला जाताना ब्राउझर बंद करून जात जा. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तोच आमचा 'पॅच' होता.

याच काळात एक वैचारिक चळवळही चालू होती. स्टुअर्ट लँगरिजने २००२ मध्ये मांडलं की एचटीएमएलमध्ये जावास्क्रिप्ट दिसताच कामा नये. मजकूर एका फाइलीत, रूप दुसऱ्या, वागणूक तिसऱ्या. २००५ मध्ये बेन नोलनच्या 'बिहेवियर'ने सीएसएसचे सिलेक्टर वापरून लांबूनच हँडलर बांधायची युक्ती दाखवली आणि जेक्वेरीने ती घराघरात पोचवली. आम्ही सगळे त्या पंथाचे झालो. टॅगमध्ये ऑनक्लिक लिहिणाऱ्याकडे मी कसा बघायचो हे आठवलं की हसू येतं. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीची नजर होती ती.

फायदा नक्कीच झाला. पानं स्वच्छ झाली, तीनशे ओळींतला तोच तोच मजकूर गेला. पण बटण मुकं झालं. त्याच्याकडे बघून ते काय करतं हे कळेना. क्लासचं नाव धरून सगळ्या फाइली धुंडाळायच्या. आणि क्लासचा उपयोग तर रंग द्यायलाही होतो! एखाद्याने बटण लाल दिसावं म्हणून क्लास लावला आणि दुसऱ्याच कुणाचा हँडलर त्याला येऊन चिकटला, असं सर्रास व्हायचं.

दुसरी अडचण अजॅक्सने आणली. पान उघडताना तीनशे ओळींना हँडलर बांधले. नंतर तीनशे एकावी ओळ सर्व्हरकडून आली, तिला कोण बांधणार? तेव्हा लोकांना तो बुडबुडा आठवला. प्रत्येक बिऱ्हाडाला बेल हवी कशाला? क्लिक नाहीतरी वर येतेच आहे. वर एकच पहारेकरी बसवा. तो बघेल क्लिक कुठून आली आणि त्याप्रमाणे करेल. नवं बिऱ्हाड राहायला आलं तरी पहारेकरी तोच. याला 'इव्हेंट डेलिगेशन' म्हणतात. तीनशे ओळींना एक हँडलर, मेमरीचं दुखणंही बरंच कमी. (फोकस आणि ब्लर हे दोघे मात्र वर येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागते.)

जेक्वेरीने जानेवारी २००९ मध्ये, १.३ आवृत्तीत, 'लाइव्ह' दिलं. पहारेकरी थेट पानाच्या माथ्यावर, डॉक्युमेंटवर. वापरायला इतकं सोपं की आम्ही जिथे तिथे लावत सुटलो. दोष नंतर दिसले. पानावरची प्रत्येक क्लिक माथ्यापर्यंत चढणार, आणि वाटेत कुणी तिला थांबवलं तर पहारेकऱ्याला पत्ताच नाही. २०१० मध्ये 'डेलिगेट' आलं, म्हणजे पहारेकरी माथ्यावर नको, त्या त्या इमारतीच्या दारात बसवा. २०११ मध्ये १.७ आवृत्तीत सगळ्यांचं मिळून 'ऑन' झालं, आणि जानेवारी २०१३ मध्ये १.९ मधून लाइव्ह काढूनच टाकलं. चार वर्षांत जन्म, कौतुक आणि तेरावा.

मला स्वतःला सर्वांत पटली ती ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या बॅकबोनची पद्धत. पडद्याच्या प्रत्येक भागाचा एक 'व्ह्यू' आणि त्याच्या डोक्यावर छोटी यादी. या बटणावर क्लिक झाली की हे फंक्शन, त्या खोक्यात बदल झाला की ते फंक्शन. सोसायटीच्या दारावर रहिवाशांच्या नावांची पाटी असते ना, तशी. पहारेकरी एक, पण कोण कुठे राहतं ते लिहिलेलं.

आणि मग मे २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुलं केलं. उघडून बघतो तर काय, टॅगमध्ये ऑनक्लिक! दहा वर्षं ज्याला विटाळ मानलं ते पुन्हा देवघरात. माझ्यासह अनेकांनी नाक मुरडलं. पण आत डोकावल्यावर कळलं की लिहिलंय बटणाजवळ, पकडलंय मात्र डॉक्युमेंटवर. रिअ‍ॅक्ट स्वतःच वर एक पहारेकरी बसवून सगळ्या क्लिका वाटत होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये, १७व्या आवृत्तीत, त्यांनीही तो माथ्यावरून उतरवून अ‍ॅप्लिकेशनच्या मुळाशी आणून बसवला. कारण एकाच पानावर रिअ‍ॅक्ट आणि जेक्वेरी दोन्ही असले की "क्लिक इथेच थांबव" म्हणूनही ती थांबायची नाही. सांगेपर्यंत ती आधीच डॉक्युमेंटवर पोचलेली असायची.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. इतकी वर्षं आपण दोन वेगळ्या प्रश्नांना एकच समजून भांडत होतो. क्लिक पकडायची कुठे, हा यंत्राचा प्रश्न आहे. ती कुणी आणि का पकडली हे लिहायचं कुठे, हा वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. पकडणं वर असू शकतं, लिहिणं बटणाजवळ असावं. हायपरकार्डमध्ये हे दोन्ही होतं, आणि आपण एक एक तुकडा वेगवेगळ्या वर्षी पुन्हा शोधला.

आता आमचं बटण. परताव्याच्या त्या बटणात २००३ सालचा ऑनक्लिक होता. तो एका लपवलेल्या चौकटीतून सर्व्हरला निरोप पाठवायचा. २००६ मध्ये कुणीतरी ओळीवर क्लिक केली की तपशील उघडायची सोय केली. बटण दाबल्यावर तपशील उघडू नये म्हणून बटणाच्या रकान्यात क्लिक थांबवणारा दोन ओळींचा कोड लावला. २००९ मध्ये दुसऱ्या एका पडद्यासाठी डॉक्युमेंटवर 'लाइव्ह' लावला गेला. 'परतावा' क्लासचं बटण दाबलं की सर्व्हरला निरोप. जुन्या बटणालाही तोच क्लास होता, नुसता लाल रंगासाठी. पण त्याची क्लिक रकान्यातच अडायची, त्यामुळे पुढे 'लाइव्ह'चं 'ऑन' झालं तरी इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी तपशिलाची सोय बंद झाली. आमच्या नव्या मुलाने तिचा कोड काढला आणि सोबत ती थांबवणारी दोन ओळींची खुंटीही. त्याचं अगदी बरोबर होतं, तिचं कारणच उरलं नव्हतं. खुंटी निघाली, क्लिक वर गेली, आणि माथ्यावर २००९ पासून बसलेल्या पहारेकऱ्याने निमूटपणे दुसऱ्यांदा पैसे दिले.

ते २००९ चं 'लाइव्ह' मीच लिहिलं होतं. फाइलीच्या इतिहासात माझंच नाव निघालं. मुलगा काही बोलला नाही. मी चहा मागवला.

दुरुस्ती अशी केली. टॅगमधला ऑनक्लिक काढला आणि बटणावर फक्त कामाचं नाव लिहिलं, डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. क्लास उरला रंगापुरता. त्या पडद्याच्या टेबलावर एक पहारेकरी, आणि कुठल्या कामाला कुठलं फंक्शन याची यादी एका फाइलीत वरच्या वर. माथ्यावरचा पहारेकरी त्याच्या स्वतःच्या पडद्यापुरता खाली उतरवला. दुसऱ्याच्या हँडलरला अडवायला क्लिक थांबवायची नाही, हँडलरनेच तपासून ठरवायचं, असा नियम केला. आणि हो, एकाच परताव्याचा दुसरा निरोप आला तर सर्व्हरने तो नाकारायला हवा होता. ते पहिल्या दिवसापासूनच हवं होतं, आता केलं. जाणकार हे म्हणणारच, म्हणून आधीच कबूल करतो.

सोमवारी मॅडमना फोन करून सांगितलं की झालंय, आता एकदाच जाईल.

"बरं झालं. त्या चौघांकडून परत मागून घेतलेत मी पैसे." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "सर, ते जेवायला जाताना ब्राउझर बंद करायचं अजून चालू ठेवायचं ना?"

एक्स्प्लोरर ६ त्यांच्या मशीनवरून जाऊन किती वर्षं झाली याचा मी मनात हिशेब करायला लागलो. ही सूचना रद्द करायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.